फाटकाबाहेरची नोकरी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला एकदा जिन्यात अडवून विचारलं, "तुमच्याकडे ही मुलं येतात, ती कोण?"

मी म्हटलं, "भाचे."

"एवढे?"

"बायकोला बहिणी पुष्कळ."

नंतरच्या सभेत 'बाहेरच्या व्यक्तींचा इमारतीतील वावर' असा विषय निघाला आणि सगळे जण माझ्याकडे न बघता त्यावर बोलले. माझ्या बायकोला एकही बहीण नव्हती. तिला जाऊन आता काही वर्षं झाली आहेत, त्यामुळे माझं खोटं पकडायला कोणी येणार नव्हतं.

ही मुलं म्हणजे इथल्या तुरुंगातून सुटलेली मुलं. वयं विशी-पंचविशीची. कोणी मारामारीत आत गेलेला, कोणी चोरीत, तर कोणी चुकीच्या माणसाच्या मोटारसायकलवर चुकीच्या दिवशी मागे बसला म्हणून. माझा त्यांच्याशी संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. मी उभी हयात एका कारखान्यात काढली आणि कार्मिक विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. कार्मिक म्हणजे माणसं घेणं, माणसं सांभाळणं आणि वरून हुकूम आला की माणसं काढणं. माझं लहानपण इकडचंच, पण निवृत्तीनंतर पुण्याचा फ्लॅट विकून आम्ही रत्नागिरीला आलो ते हिला समुद्राजवळ राहायचं होतं म्हणून. समुद्र तिने जेमतेम वर्षभर बघितला. मुलगी परदेशात असते. ती रविवारी फोन करते आणि मी जेवलो का ते विचारते.

अशात एका संस्थेच्या बाई घरी आल्या. "तुम्ही आयुष्यभर लोकांना नोकऱ्या लावल्यात. आमच्या मुलांना लावाल का? दर गुरुवारी तुरुंगात यावं लागेल." मी विचार करून सांगतो म्हटलं, पण विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझा गुरुवार मोकळाच होता. शुक्रवारही होता.

लोकांना वाटतं, आम्ही तिथे जाऊन प्रवचनं देतो. प्रवचनं द्यायला आत बरेच जण येतात आणि मुलं ती शांतपणे ऐकतात, कारण त्यांना दुसरीकडे कुठे जायचं नसतं. आमचं काम किरकोळ असतं. सुटकेच्या आधी काही महिने मुलाला भेटायचं. बाहेर कोण आहे, राहणार कुठे, हाताला काय काम येतं, ते विचारायचं. सुटण्याच्या दिवशी फाटकाबाहेर उभं राहायचं. मग हरवलेलं आधार कार्ड, बंद पडलेला मोबाइल नंबर, गोठलेलं बँकेचं खातं, यांच्यामागे हिंडायचं. शेवटी असा मालक शोधायचा, जो 'आधी कुठे होतास' याचं खरं उत्तर ऐकूनही चहा मागवील.

पहिल्या दिवसाच्या गमती कोणी सांगत नाही. मी मुलाला फाटकावरून थेट एका खानावळीत नेतो. वेटर विचारतो, "काय देऊ?" आणि मुलगा माझ्याकडे बघतो. कित्येक महिन्यांत त्याला हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. एकाने फळ्यावरची सगळी यादी वाचली, घाम पुसला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा." घरी आणलं की ही मुलं दारासमोर उभी राहतात. दार नुसतं लोटलेलं असतं, पण हात पुढे होत नाही, कोणीतरी उघडेल म्हणून थांबतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, मुलगा लाजतोय. आता मी म्हणतो, "ढकल रे, आपलंच आहे." एकाने मात्र दार उघडल्यावर माझं कुलूप उलटसुलट करून बघितलं आणि खेदाने मान हलवली. मी दुसऱ्या दिवशी नवीन आणलं.

नोकरी लावणं हे मला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. गुहागरकडचा सर्फराज होता. त्याच्या घरातले सगळे पुरुष आखातात, पण याच्यावर केस असल्याने पासपोर्ट अडलेला आणि तो वाट बघत बसलेला. मी त्याला घेऊन जेटीवर गेलो. मासेमारी बोटीच्या मुख्य खलाशाला इकडे तांडेल म्हणतात. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलासमोर मी सर्फराजची माहिती मुलाखतीच्या पद्धतीने मांडायला सुरुवात केली. त्याने हात वर केला.

"सायेब, मागचा काय तो मागं. ह्याला उलटी होते का बोटीवर, येवढा सांगा."

"नाही," मी ठोकून दिलं. पहिल्या फेरीत सर्फराजने बोटीचा काठ सोडला नाही म्हणे, पण तोवर बोट फार पुढे गेली होती. आज तो उत्तम खलाशी आहे. लग्न झालं, मुलगी झाली. मासळी बाजारात तो मला बायकोबरोबर दिसतो. ओळख द्यायची नाही हे आमच्यात न बोलता ठरलेलं असतं. द्यायची म्हटली तर 'हे कोण' म्हणून बायको विचारणार आणि तो काय सांगणार? तेव्हा तो नजर वळवायचा आणि मला ते लागायचं. आता मीच आधी वळवतो, म्हणजे त्याला वळवावी लागत नाही. मग बांगडे घेऊन घरी येतो आणि ते जरा जास्तच आणले गेले आहेत हे तळताना लक्षात येतं.

आता नितेशबद्दल. या सगळ्या मुलांत त्याच्यावर माझा जीव जडला, हे मी मान्य केलं पाहिजे. कार्मिक विभागात असं करायचं नसतं.

तो देवरूखच्या पलीकडचा, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. बापूस लहानपणीच गेलेला, घरात आई आणि हा. त्याचा गुन्हा शिमग्यातला. आमच्याकडे शिमग्यात देव देवळात बसत नाही. पालखीत बसून गावातल्या प्रत्येक घरी जातो. घरची बाई ओटी भरते, पुरुष पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात आणि तेवढ्यासाठी माणसं जिथे असतील तिथून रजा काढून येतात. खांदा कोणी आधी द्यायचा यावरून नितेशची त्याच्या चुलतभावाशी, संदीपशी, जुंपली. नितेशने हातातली काठी घातली. संदीपचा उजवा डोळा गेला आणि त्या धांदलीत खांदे सुटून पालखी जमिनीला टेकली. न्यायालयाने डोळ्याची शिक्षा दिली. पालखी टेकल्याचं न्यायालयाला काही वाटलं नाही, पण वाडीला वाटलं.

नितेश सुटला तेव्हा मी त्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लावलं. हात चांगला होता त्याचा. मालक खूश, खोली मिळाली, सगळं मार्गी लागलं. रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. मी त्याला वळण लावत होतो, असं संस्थेच्या अहवालात लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात तो भाकऱ्या भाजायचा, मी मासे तळायचो, आणि मग आम्ही टीव्हीवर क्रिकेट बघत बसायचो. बोलणं फार व्हायचं नाही. पण शनिवारपासून मी घर आवरायला लागायचो.

माघात एका रविवारी तो जेवला नाही. ताट पुढे घेऊन बसून राहिला.

"काय झालं?"

"काका, नोकरी दिलात ती तुमची मेहेरबानी. पण आवशीचा काय करू?"

मग त्याने सांगितलं. तो आत गेल्यापासून त्यांच्या अंगणात वाडीतलं कोणी आलेलं नव्हतं. वाळीत टाकलं असं कोणी म्हणत नव्हतं, तसं टाकणं गुन्हा आहे हे वाडीत पोराटोरांना ठाऊक आहे. फक्त कोणी येत नव्हतं. दर शिमग्याला त्याची आई अंगण सारवायची, रांगोळी घालायची, ओटीचं ताट घेऊन दारात उभी राहायची आणि पालखी वळणावरून पुढे निघून जायची. तिला रत्नागिरीला आणायचं म्हटलं तर ती ऐकत नव्हती. पालखी येईल तेव्हा घर बंद दिसता कामा नये, असं तिचं म्हणणं होतं.

"ह्या वर्षी नाय आली ना, तर मी घराला टाळा लावनार," नितेश म्हणाला. "तिला उचलून आनीन. मग आमचा गाव संपला."

मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी." आयुष्यभर मी युनियनशी वाटाघाटी केल्या होत्या. संप मिटवले होते. एका वाडीचं काय मोठंसं. आणि हेही लिहून टाकतो की त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं: पालखी आली तर हा रविवारी गावी जायला लागणार. आलं आणि ते मी बाजूला सारलं.

वाडीची बैठक देवळापुढच्या सहाणेवर होती. सहाण म्हणजे पालखी ठेवतात तो ओटा. मी इस्त्रीचा शर्ट घालून, नितेशच्या चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून घेऊन गेलो. वीस-पंचवीस माणसं होती, मधे धोंडू गावकर. वाडीचा कारभार आणि देवापुढे बोलण्याचा मान त्यांचा. नितेश माझ्या मागे उभा होता आणि संदीप एका कडेला, मान खाली घालून बसला होता. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "माझे तीन मुद्दे आहेत." मुलाने शिक्षा भोगलेली आहे, हा पहिला. त्याची वर्तणूक उत्तम आहे, हा दुसरा. तिसऱ्या मुद्द्यात मी सामाजिक बहिष्काराच्या कायद्याचा उल्लेख केला, अगदी सौम्यपणे, कारखान्यात करायचो तसा, म्हणजे समोरच्याला नीट ऐकू जाईल असा.

कोणी चिडलं नाही. धोंडू गावकरांनी पान थुंकून तोंड मोकळं केलं.

"सायेब, तुमी शिकलेली मानसा. पोलिस घेऊन आलात तर पालखी आमी नेऊ. खांद्यावर घेऊ, तिच्या अंगनात ठेऊ, काय नाय बोलनार. पन तिथं गाऱ्हाना घालावा लागतो. तो घातल्यावर लोकांनी व्हय म्हनायचा का नाय, ता कुठल्या कलमात हाय?"

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. गावकर त्या घरचं सुखदुःख देवाला सांगतो आणि प्रत्येक बोलाच्या शेवटी जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते म्हटलं की ती मागणी साऱ्या गावाची होते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि नेमकं हेच विसरून मी प्रमाणपत्र घेऊन गेलो होतो. मी खाली बसलो. कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

परतीच्या एसटीत नितेशने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "काका, तुमी बोललात ता सगळा खरा. पन देवळात असा बोलत नायत."

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी त्याच्या आईने ठरवलं होतं काय करायचं ते. ती आणि नितेश संदीपच्या घरी जाणार होते. मी चपला घातल्या तशी ती म्हणाली, "तुमी नका येव, सायेब. तुमी असलात म्हंजे त्याला बोलता नाय येनार."

मी वाडीच्या तोंडाशी कुंपणाच्या एका दगडी गडग्यावर बसून राहिलो. काजूला मोहोर आला होता. मला राग आला होता. त्या बाईंचा नव्हे, कोणाचाच नव्हे, पण आला होता. या मुलासाठी मी कागद गोळा केले, मालक शोधला, सहाणेवर शोभा करून घेतली, आणि आता खरी गोष्ट त्या तिघांत घडत होती आणि मी रस्त्यावर होतो. संध्याकाळ व्हायला लागली. येणारी-जाणारी माणसं "कोनाकडचे?" म्हणून विचारत होती आणि मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

नितेश आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

"काय म्हणाला?"

"चाय दिलान."

"आणि?"

"चाय दिलान, काका," तो पुन्हा म्हणाला. आत काय बोलणं झालं ते त्याने मला तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

शिमग्याला मी जाणार नव्हतो. नितेशने फोन करून बोलावलं म्हणून गेलो. दुपारचं ऊन उतरत होतं. अंगण सारवलेलं, केळीचे खांब लावलेले, नितेशची आई नवीन लुगडं नेसून दारात. नितेश अंगणात एका जागी उभा होता. ढोलाचा आवाज संदीपच्या घराकडून येत होता. मग तो थांबला. पालखी वळणावर आली होती आणि तिथेच थांबली होती. आम्हाला झाडांमधून फक्त गोंड्याचा लाल रंग दिसत होता. मी पुढे होऊन नितेशच्या आईच्या हातातलं ताट खालून धरलं.

ढोल पुन्हा वाजला, आणि पालखी आत वळली.

ओटी भरून झाली. धोंडू गावकर पुढे आले, डोक्यावरची टोपी नीट केली. "बा देवा म्हाराजा, आज तू ह्या लेकराच्या दारात आलास. ह्याच्या हातून तुजी पालखी भुईला टेकली. भावाच्या डोळ्याला इजा झाली. सरकारान शिक्षा केलान ती भोगून आलाय. आता ह्याला आनी ह्याच्या आवशीला पदरात घे रे म्हाराजा."

कोणी काही म्हणालं नाही.

गाऱ्हाण्यात अशी जागा नसते. बोल संपतो न संपतो तोच आवाज उठतो, तो विचार करून म्हणायचा नसतोच. इथे सगळी वाडी तोंड मिटून उभी होती. एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला छातीशी दाबलं. धोंडू गावकर कोणाकडे बघत नव्हते, जोडलेले हात त्यांनी तसेच ठेवले होते. नितेश जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, संपलं. उद्या टाळं.

"व्हय म्हाराजा," संदीप म्हणाला.

तो पालखीच्या पुढच्या दांड्याशी होता. मोठ्याने म्हणाला नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. मग मागून एक, त्याच्या मागून दोन, आणि मग सगळे. संदीपने खांदा काढून घेतला आणि दांड्याखालची ती जागा मोकळी ठेवली. नितेश गेला आणि तिथे उभा राहिला. पुढची दहा मिनिटं ती पालखी त्या अंगणात अशी नाचली की मला नितेश नेमका कोणता ते कळेना. त्यालाही माझी आठवण असण्याचं कारण नव्हतं. माझं काम झालं होतं. शेवटची एसटी किती वाजता आहे, याचा मी विचार करायला लागलो आणि पिशवी उचलली.

तेवढ्यात नितेशची आई धोंडू गावकरांना म्हणाली, "ह्या सायबांचा पन घाला."

मी नको नको म्हणत होतो. पण त्यांनी मला हाताला धरून पालखीपुढे उभं केलं. लोक पुन्हा गोळा झाले. "काय सांगू देवाला?" त्यांनी विचारलं. "घरात कोन कोन?"

हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारला. टेबलाच्या अलीकडे बसून, उत्तराकडे फारसं लक्ष न देता. मी म्हटलं, "मी."

"आनी?"

"मीच."

धोंडू गावकरांनी माझ्याकडे क्षणभर नीट बघितलं. मग ते पालखीकडे वळले. "बा देवा म्हाराजा, हे पावने रत्नांग्रीसून आलेत. आमच्या पोराला घरी आनलानी. ह्यांच्या घरात बोलायला मानूस नाय. ह्यांच्या दारातसुदा मानसांची वाट पाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी वाडी म्हणाली. नितेशच्या वेळी लागला तसा वेळ या वेळी कोणालाच लागला नाही.